वाटणी वेळेची

कोल्हापुरातल्या अनेक कॉलन्यांत खुल्या जागेच्या फाटकावर एक पाटी असते : ‘येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ आत सिमेंटची दोन-चार बाकडी, कडेनं फरशीची वाट आणि एका कोपऱ्यात देऊळ. सकाळ-संध्याकाळ तिथं माझ्यासारखी निवृत्त माणसं बसलेली असतात. पोरं फाटकाबाहेर, गाड्यांवर, हातात मोबाईल घेऊन. रस्त्यात टोळकं केलं म्हणून तिथंही त्यांना बोलणी खावी लागतात. खेळलं तर मनाई, उभं राहिलं तर संशय. मग या वयानं जायचं कुठं, या प्रश्नाचं उत्तर पाटी लिहिणाऱ्यांपैकी कुणाजवळ नसतं.

पाटीमागची भीती मात्र खोटी नाही. पंचाहत्तरीतल्या माणसाला चेंडू लागला, तो पडला आणि खुबा मोडला, तर तो पुन्हा आपल्या पायांनी फाटकापर्यंत येईलच असं सांगता येत नाही. घरात दिवसभर एकटं बसलेल्या माणसाला संध्याकाळचा तासभर म्हणजे औषधाचीच मात्रा. म्हणून या भांडणात एक बाजू चुकीची ठरवून चालणार नाही. दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि जागा एकच आहे.

ती जागा आहे तरी केवढी? महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आऊट पाडताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. म्हणजे साधारण एक एकराच्या कॉलनीला ४०० चौरस मीटर, वीस बाय वीसचा चौकोन. अर्धा ज्येष्ठांना आणि अर्धा पोरांना दिला, तर दहा बाय वीसच्या पट्टीत कुणाला धड फिरता येत नाही की धड खेळता येत नाही. तोच चौकोन अखंड ठेवला, तर पहाटे फेऱ्या मारता येतात आणि संध्याकाळी तेरा बाय दहाचं कबड्डीचं मैदान आखूनही भोवती माणसं बसू शकतात. जागा फाडली की दोघांचं नुकसान होतं. वेळ वाटून घेतली तर पूर्ण जागा दोघांना मिळते. मला सांगायचंय ते एवढंच, पण आपण नेमकं याच्या उलट करत आलो आहोत.

ही टंचाई आजची नाही. पेठांतल्या जुन्या घरांना सोपा होता, मागं परडं होतं. म्हातारी माणसं सोप्यात, पोरं परड्यात. ओरडलं तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर दोघंही. त्या घरांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली, तेव्हा सोपा आणि परडं दोन्ही रस्त्यावर आले. शहरानं मोकळी जागा मिळवली ती तळी बुजवून. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी तुंबतं, तेव्हा जुनं तळं अजून जमिनीखाली आहे असं वाटतं. आता बुजवायला तळी उरली नाहीत आणि उरलेली बुजवूही नयेत. माणसांचं वय मात्र वाढतं आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९ टक्के. पुढच्या प्रत्येक मोजणीत हा आकडा वरच जाणार.

वेळेची वाटणी कशी चालते हे पाहायचं असेल तर रंकाळ्यावर जावं. उजाडायच्या आत माकडटोपी आणि मफलर घातलेले फिरणारे येतात. थोड्या वेळानं हास्यक्लबाचं हसू पाण्यावरून ऐकू येतं. ऊन चढलं की ही माणसं पांगतात आणि झाडांच्या सावलीला कॉलेजची पोरं-पोरी टेकतात. संध्याकाळी भेळेच्या गाड्यांभोवती कुटुंबं असतात, अंधार पडल्यावर कठड्यावर तरुणांच्या रांगा. हे वेळापत्रक कुणी लिहिलेलं नाही, तरी बरंचसं पाळलं जातं. तळ्याचा घेर मोठा आहे आणि तिथं येण्याची कारणं अनेक आहेत, म्हणून ते जमतं. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात फिलाडेल्फियाच्या रिटनहाउस स्क्वेअरचं असंच वर्णन केलं आहे. पहाटेचे फिरणारे, कामाला जाणारे, लेकरं घेऊन येणाऱ्या आया, दुपारी जेवणाच्या सुट्टीतली माणसं, नंतर पुन्हा मुलं. दिवसभर कुणी ना कुणी असतं, म्हणून ती बाग सुरक्षितही राहते. एकाच वयाच्या माणसांसाठी राखलेली बाग उरलेल्या वेळी ओस पडते, आणि ओस पडलेल्या जागेची भीती म्हाताऱ्यांना सगळ्यांत आधी वाटते.

कोल्हापूरला हे बाहेरून शिकायची गरज नाही, कारण आपल्याकडं तालीम होती. हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून कमावलेली. ती उकरून मऊ करायचं काम पठ्ठ्यांचं, आणि कुणी कधी उतरायचं, कुणी कुणाशी लढायचं हे वस्तादानं ठरवायचं. वस्ताद स्वतः लढायचं वय केव्हाच ओलांडलेला, तरी त्याच्यावाचून तालमीचं पान हलत नसे. बाहेरच्या कट्ट्यावर गल्लीतली वडीलधारी माणसं. पुढं याच तालमींचे फुटबॉलचे संघ झाले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही नावं आजही शाहू स्टेडियमवर गर्दी खेचतात, आणि त्या गर्दीत नातू आणि आजोबा एकाच संघासाठी भांडतात. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान बांधलं, ते असं उतरतं की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आखाडा दिसावा. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, तेव्हा गावातली सगळ्या वयाची माणसं हळहळली, कारण ते कुठल्या एका पिढीचं नव्हतंच.

तालमीचं मोठेपण मी यात मानतो की तिथं वय हा अडथळा नव्हता, ते काम होतं. म्हाताऱ्याला बसायला जागा मिळत होती ती उपकार म्हणून नव्हे. त्याच्याकडं द्यायला काही होतं म्हणून. पण याच तालमीनं अर्धं गाव बाहेर ठेवलं होतं हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. बायका आणि मुलींना त्या मातीत जागा नव्हती, आणि कट्टा आजही बहुतेक पुरुषांचाच आहे. संध्याकाळ उलटली की रंकाळ्याच्या कठड्यावर एकट्या बसलेल्या मुली किती दिसतात ते मोजून पाहावं. तरुण आणि ज्येष्ठ असा वाद आपण घालतो, तेव्हा दोन्हीकडं मनात पुरुषच असतात. मुलीला खेळायला आणि आजीला नुसतं बसायला जागा मिळाली, तरच वाटणी न्याय्य झाली म्हणायची.

वाटणी केलीच नाही तर काय होतं? २०१७ साली चीनमधल्या लुओयांग शहरात एका बागेतल्या बास्केटबॉलच्या मैदानावर नाचायला आलेली वयस्क मंडळी आणि खेळणारी पोरं यांच्यात हाणामारी झाली. त्याच वर्षी चीनच्या क्रीडा प्रशासनाला चौकातल्या नाचासाठी नियम काढावे लागले. ब्रिटनमध्ये २००५ साली ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र आलं. त्याचा कर्कश आवाज इतका उच्च कंपनांचा की तो प्रामुख्यानं तरुण कानांनाच ऐकू येतो. दुकानांसमोरून पोरांना हाकलण्यासाठी ते लावलं जाऊ लागलं. हसत्या तान्ह्या बाळालाही तो आवाज ऐकू जाणार, हा विचार लावणाऱ्याला शिवला नसेल? आपली ‘सक्त मनाई’ची पाटी त्याच वाटेवरची आहे.

वेळ वाटून सगळंच सुटत नाही, हेही मान्य करायला हवं. डॉल्बी हे त्याचं ढळढळीत उदाहरण. मैदान संध्याकाळी पोरांना दिलं म्हणून आवाज मैदानात थांबत नाही. तो भिंत ओलांडून अंथरुणावरच्या आजाऱ्याच्या छातीत बसतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तिथं देवाणघेवाण नाही, मर्यादा पाळलीच पाहिजे. पण मग तीच मर्यादा पहाटे देवळाच्या कर्ण्यालाही लागू आहे, हे आम्ही ज्येष्ठांनी ऐकून घ्यायला हवं. नियम एकाच वयाला लावला की त्याची जरब जाते.

बाकीचं काम छोटं आणि लगेच करता येण्यासारखं आहे. बाकड्यांना पाठ आणि हात हवेत. त्यांच्यावाचून गुडघ्यावर जोर देऊन उठताना म्हाताऱ्याची काय अवस्था होते ते जवळून पाहावं. कठडा मात्र पोरांसाठी तसाच राहू द्यावा. वाटेच्या आणि खेळाच्या मधे जाळी असावी. दिवे असावेत, आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह असावं, कारण त्यावाचून वयस्क बाई अर्ध्या तासात घरी परतते. विरंगुळा केंद्र आणि अभ्यासिका या दोन वेगळ्या इमारती कशाला हव्यात? करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. वर्तमानपत्र वाचणारा पेन्शनर आणि अभ्यास करणारा विद्यार्थी एका छताखाली बसू शकतात, याचं ग्रंथालयाहून चांगलं उदाहरण कुठलं? फाटकावर मनाईऐवजी वेळापत्रक लागावं : पहाटे चालणं, दुपारी अभ्यास, साडेचार ते सात खेळ, त्यातले ठरावीक दिवस मुलींचे, नंतर सगळ्यांचं बसणं. ते ठरवणाऱ्या बैठकीत कॉलेजातली दोन पोरं आणि दोन पोरी बसलेल्या असाव्यात, आणि त्यांचं मत मोजलं जावं.

सुरुवात कुणी करायची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्येष्ठांनी. कॉलनीच्या सोसायटीत अध्यक्ष आम्ही, महापालिकेत अर्ज घेऊन जायला वेळ आमच्याकडं, नगरसेवक ऐकतो तो आमचं. सोळा वर्षांच्या पोराला मत नाही, संघटना नाही, आणि संध्याकाळचा खेळायचा एक तास गेला की त्याचा दिवस संपला. ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानंच आधी सोडायचं असतं. म्हणून पुढच्या सभेत पाटी उतरवण्याचा ठराव पोरांनी मांडावा याची वाट पाहू नये. तो आपण मांडावा, आणि अनुमोदन त्यांच्याकडून घ्यावं.