योजनेत बसतं का?

जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात गेलं, की आरोग्यमित्राच्या टेबलाभोवतीची गर्दी आधी नजरेत भरते. हातात कॅरीबॅग, तीत केशरी कार्ड, आधार, एक्स-रे. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: ‘साहेब, हे योजनेत बसतं का?’

हा प्रश्न विचारता येणं हीच थोडीथोडकी गोष्ट नाही. पूर्वी बायपास म्हटलं की बायकोचे डाग मोडायचे, नाहीतर रान गहाण टाकायचं. ज्याच्याकडे दोन्ही नसे, तो आपला माणूस मुकाट्याने घरी नेई. 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 2023 च्या निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली आणि पांढऱ्या कार्डवालेही आत आले. ऊसतोड्याच्या छातीतला स्टेंट हा आता कुणा दात्याचा उपकार राहिलेला नाही.

तरीही ते ‘बसणं’ मला खटकतं. आजार यादीत बसवावा लागतो. 2023 च्या निर्णयातली ही यादी 1356 उपचारांची, आणि तिचा सगळा भर दाखल झालेल्या माणसावर. रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यात नाही. ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळायची असते. पण एखाद्या मंगळवारी ‘साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकून परतलेला मजूर दुसऱ्यांदा रोज बुडवून जात नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, गोळी सुटते. काही वर्षांनी मूत्रपिंडं जातात. मग तोच माणूस डायलिसिससाठी योजनेत अगदी चपखल बसतो.

कागदाचंही तेच. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं, सासरच्या कार्डावर अजून चढलेलं नाही. ती दोन्ही घरची लेक, पण टेबलावर कुणाचीच नाही. तिचा नवरा तहसीलच्या खेपा घालतो, तोवर दुखणं थांबत नाही.

म्हणून योजना नको, असं मुळीच नाही. ती नसती तर काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. पण विमा खर्चाशी लढतो, आजाराशी लढायचं काम आरोग्य केंद्राचंच. डायलिसिसचा दावा मंजूर झाला की तो आकड्यांत चढतो, वर्षाअखेरच्या जाहिरातीत येतो. वेळेवर मिळालेल्या गोळीमुळे जे डायलिसिस लागलंच नाही, त्याचा दावा कुणी भरत नाही. तो माणूस त्या टेबलापाशी दिसतच नाही. तो रानात असतो, पाणी धरत.