शून्य आणि अनंत

वारकरी सज्जनहो, ‘शेवटी सगळे शून्यच, मग भजन कोणाचे करायचे?’ असे शिकलेली मुले कीर्तनानंतर आम्हांस विचारतात. पूर्वपक्ष थोर आहे, त्याची टर उडवू नये.

जर्मनीत फ्रायबुर्ग येथे १९२९ साली हायडेगर या तत्त्ववेत्त्याने याच विषयावर व्याख्यान दिले. तो म्हणतो, भीती अमक्यातमक्याची असते. पण जिला नाव देता येत नाही अशा धास्तीत सारे पदार्थ हातचे निसटतात आणि शून्य प्रकट होते. घरचे माणूस गेले म्हणजे याची चुणूक कोणाला लागत नाही?

पण बाबांनो, ते प्रकट झाले कोणापुढे? काला होऊन दिंड्या परतल्या की वाळवंट ओस पडते. ‘आता कोणी नाही’ असे म्हणणारा मात्र तेथे उभाच असतो! तोच साक्षी. त्याचा अभाव कोण पाहणार?

आता अनंत. कँटर या जर्मन गणितीने १८९१ साली सिद्ध केले की, एका अनंताहून दुसरे अनंत मोठे असते आणि ही चढण कोठेच संपत नाही. तरीही जे केवळ अनंत, ते मोजणीपलीकडचे, ईश्वराचेच, असे तोही मानी. मग लाख जप झाला म्हणून देव जवळ आला, हा हिशेब कशाला?

शून्यात जो उरतो आणि मोजून जो सरत नाही, तोच विटेवर उभा आहे. माळ मोजायला नव्हे, मन ठायी ठेवायला आहे. घर रिकामे वाटेल त्या दिवशीही नाम सोडू नका.

रामकृष्णहरि!