अनाहूत सोबती

सह्याद्रीतील किल्ल्यांवर पायी हिंडण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांच्या चांगल्या परिचयाचा एक प्रसंग आहे. पायथ्याच्या गावी चहा घेऊन आपण वाटेला लागावे, तो कोठूनसा एखादा गावकुत्रा येतो आणि आपल्या पुढे चालू लागतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. त्याचे काही मागणेही दिसत नाही. चढावर आपण दम खात बसलो म्हणजे तोही चार पावले पुढे जीभ बाहेर काढून बसतो, आणि आपण उठलो की उठतो. शहरात हाच प्राणी जवळ आला असता तर आपण अंग चोरून बाजूस झालो असतो. रानात मात्र त्याची सोबत मोठी गोड वाटते. अशा अनाहूत सोबत्याचे आपण काही देणे लागतो काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. पण काही वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात तो आमच्या वाट्यास आला, तेव्हापासून त्याने आम्हांस सोडलेले नाही.

एका स्नेह्यासह आम्ही वेल्ह्याहून तोरणा चढून, डोंगराच्या धारेने राजगडास जाण्यास निघालो होतो. वेल्ह्यातच एक तांबडा कुत्रा मागे लागला. पहिल्या विसाव्यास आमच्या स्नेह्यांनी त्याला दोन बिस्किटे टाकली. आम्ही ओंजळीत पाणी पाजले. तोरण्याची उंची सुमारे १४०० मीटर. एवढे चढून आल्यावर हा परत फिरेल, असे आम्ही समजत होतो. तो फिरला नाही. बुधला माचीवरून धारेकडे उतरताना खडकाचा एक अवघड टप्पा लागतो. तेथे मात्र तो अडला. कड्याच्या तोंडाशी येरझारा घालू लागला, कण्हू लागला. त्याची ती धडपड पाहून आमच्या स्नेह्यांना दया आली. त्यांनी वरून त्याला उचलून दिले आणि आम्ही खाली हातांत झेलून घेतले. पुढे धारेवर वाळल्या गवतात आम्ही वाट चुकलो, ती त्यानेच काढून दिली, हेही सांगितले पाहिजे. ती रात्र त्याने राजगडावर पद्मावतीच्या देवळापाशी आमच्या पायांशी काढली.

दुसऱ्या दिवशी गुंजवण्यास उतरताच त्या गावचे चार कुत्रे त्याच्यावर धावून आले. कुत्र्यांचे मुलूख आपल्या तालुक्यांहून काटेकोर असतात. जो कालपर्यंत आमच्या पुढे ऐटीत चालत होता, तो शेपूट पोटाशी घेऊन आमच्या पायांत शिरला. जीप उभी होती. चिखलाने भरलेले कुत्रे गाडीत घेण्यास चालक तयार नव्हता. अधिक पैसे देऊ केले असते तर कदाचित झाला असता. मार्गासनीच्या फाट्यावरून एका हाताला वेल्हे, दुसऱ्या हाताला नसरापूर व पुढे पुणे. वेल्ह्यास जाऊन येण्यास एखादा तास मोडला असता, आणि सायंकाळी आम्हांस पुण्यात एका सभेस जायचे होते. आम्ही गाडीत बसलो. तो बराच वेळ मागे धावत होता.

वाटेत स्नेही म्हणाले, "आपण काही त्याला बोलावले नव्हते." वचन दिल्यावाचून बंधन नाही, हा युक्तिवाद कायद्यात शोभेल. परंतु बिस्किटे कोणी टाकली? वाट काढून दिली ती कोणी घेतली? हेही सोडून देऊ. त्या खडकावरून त्याला उतरवून घेणारे हात आमचे होते. तोवर तो आपल्या पायांनी घरी जाऊ शकत होता. त्यानंतर ती वाट आम्ही बंद केली, आणि ती दया समजून केली. त्या टप्प्यावर कठोर होऊन पुढे निघून गेलो असतो, तर तो थोडा वेळ रडून वेल्ह्यास परतला असता.

कांटच्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत कुत्र्याचेच उदाहरण आहे. चाकरी करून निकामी झालेल्या कुत्र्यास गोळी घालणारा धनी त्या कुत्र्याविषयीचे कर्तव्य मोडत नाही, कारण कुत्र्यास विवेक नाही. तो घात करतो तो स्वतःतील माणुसकीचा, असे त्याचे म्हणणे. हे मत आम्ही वर्गात कित्येक वर्षे निमूटपणे शिकवले. पण गुंजवण्याच्या रस्त्यावर गाडीच्या मागच्या काचेतून पाहताना आम्हांस आमच्या माणुसकीची चिंता वाटत नव्हती. ती वाटत होती त्या कुत्र्याची.

महाप्रस्थानिक पर्वातील धर्मराजाची भूमिका येथे कांटहून सरळ वाटते. तो कुत्राही पाळलेला नव्हता. हस्तिनापुराहून निघताना पाच पांडव, सहावी द्रौपदी आणि सातवा तो, असा आपण होऊन मागे लागला होता. इंद्राने रथ पुढे केला तेव्हा धर्मराजाने स्वतःच्या पुण्याचा हिशेब मांडला नाही. आश्रयाने आलेल्यास टाकणे हे पाप आहे, एवढेच तो सांगतो. वाटेत पडलेल्या भावांना व द्रौपदीला तू टाकलेस ना, असे इंद्राने टोचले असता, मेलेल्यांना आपण उठवू शकत नव्हतो, जिवंतपणी कोणास टाकले नाही, असे त्याचे उत्तर आहे. कथेत तो कुत्रा शेवटी साक्षात धर्म ठरतो. ती कलाटणी आम्हांस पूर्वी फार आवडे. हल्ली नकोशी वाटते. कुत्रा कुत्राच राहता, तर धर्मराजाचे उत्तर आणखी मोठे ठरले असते. रायगडावर वाघ्याचा पुतळा आहे. त्याच्या कथेस समकालीन आधार नाही, म्हणून त्याविषयी वाद झाले व होतात. त्या वादात आम्हांस पडायचे नाही. कुत्र्याच्या इमानाचे चौथरे माणूस हौसेने बांधतो, एवढेच तेथे मनात येते.

पुढल्या रविवारी आम्ही एकटेच वेल्ह्यास गेलो. चहाच्या टपरीवरील बाईंना तांबड्या कुत्र्याविषयी विचारले.

"कानाला चीर हाय तो?"

चीर होती की नव्हती, हे आम्हांस आठवेना. दोन दिवस त्याच्या संगतीत काढून आम्ही त्याचे कानही नीट पाहिले नव्हते.

"तुमचा आहे का तो?" आम्ही विचारले.

"आमचा कशाचा, दादा! इथं तांबडी तीन-चार हायती. येत्यात, जात्यात. कोण पार्टीसंगं गेलं, कोण आलं, कोण बघतंय?"

आम्ही दुपारपर्यंत तेथे बसलो. दोन तांबडी कुत्री येऊन गेली. एकाने आम्हांस हुंगलेही. आम्ही बिस्किटांचा पुडा विकत घेतला होता, तो न फोडता तसाच पिशवीत ठेवला आणि तीनच्या गाडीने परत आलो.