कोल्ह्याची शपथ



आज उपवासकाळाचा पहिला रविवार. पहिल्या वाचनात देव नोहाशी करार करतो (उत्पत्ती ९:८-१५). शुभवर्तमानात येशू चाळीस दिवस अरण्यात राहतो आणि तेथे वनपशू त्याच्या सोबतीला असतात (मार्क १:१२-१५). अरण्यातील मोहाची हकिगत मत्तय आणि लूक यांनीही सांगितली आहे. पण पशूंची आठवण फक्त मार्कने ठेवली. ही दोन वाचने एकत्र वाचताना मला मुलांची एक कार्टून मालिका आठवते.

'द ॲनिमल्स ऑफ फार्दिंग वूड' ही मालिका १९९३ ते १९९५ या काळात युरोपात टीव्हीवर दाखवली गेली. कॉलिन डॅन या इंग्रज लेखकाच्या १९७९ सालच्या कादंबरीवरून ती तयार झाली. बांधकामासाठी माणसे रान तोडतात, तळे बुजवतात. बेघर झालेले प्राणी दूरच्या अभयारण्याकडे निघतात. वाट बेडकाला ठाऊक असते. पुढारी असतो कोल्हा. निघण्यापूर्वी सगळे शपथ घेतात : वाटेत कोणी कोणाला खायचे नाही, एकमेकांचे रक्षण करायचे.

या शपथेचा जरा विचार करा. ती कोल्ह्याने घेतली, तशी उंदरानेही घेतली. पण उंदराला काय सोडावे लागले? काहीच नाही. तो कोल्ह्याला कधी खाणारच नव्हता! शपथेची किंमत मोजली ती कोल्ह्याने आणि घुबडाने. म्हणजे ज्यांच्यापाशी दात आणि नखे होती त्यांनी. 'मला शक्य आहे' म्हणून 'मला हक्क आहे' असे होत नाही, हे त्यांनी मान्य केले.

नोहाचा करारही असाच आहे. तो एकट्या नोहाशी नाही, तर तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक जीवाशी आहे. तेथे वचन देतो तो देव. सर्वशक्तिमान स्वतःलाच बांधून घेतो. पुढे त्याच्या पुत्राने तर दासाचे रूप घेतले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात बजावले की, देवाने माणसाला पृथ्वी सोपवली ती राखण्यासाठी, ओरबाडण्यासाठी नव्हे.

उपवासकाळात आपण मांस वर्ज्य करतो. ते चांगलेच आहे. पण आपण कोणासाठी कोल्हा आहोत? ज्याची बोअर खोल, तो शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढतो. ज्याच्या हाती पैसा, तो ओहोळावर भराव टाकतो आणि पावसाळ्यात पाणी शिरते ते दुसऱ्याच्या घरात. आपल्याला जाब विचारणारा कदाचित कोणी नसेल. म्हणूनच हा प्रश्न विवेकबुद्धीचा आहे.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकत्र बसावे आणि आपल्याला सहज शक्य असलेली, पण दुबळ्याला जाचणारी एक गोष्ट सोडण्याचे ठरवावे. ती गोष्ट मुलांना निवडू द्या. त्यांची नजर आपल्यापेक्षा स्वच्छ असते.

वनपशूंमध्ये निःशस्त्र राहिलेला प्रभू येशू आपल्याला हा संयम देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू