चुंबक काचेला लावा

शांत बसा. खांदे सैल सोडा. एक श्वास घ्या, सावकाश.

समोर काचेचा गरम चंबू आहे. आत काळा, गढूळ द्रव फिरतो आहे. त्याच्याकडे पाहा.

हा काळेपणा मॅग्नेटाइटचा. लोखंड आणि ऑक्सिजन यांच्या या कणांच्या अंगावर सोन्याचे त्याहून बारीक कण आहेत, काही नॅनोमीटरचे.

दागिन्यातलं सोनं हवेला दाद देत नाही. इतकं बारीक झालं, की देऊ लागतं.

इथंच थांबा. पाहत राहा.

द्रवात बेंझिल अल्कोहोल आहे, किंचित अल्कली आहे. खालून ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. आत्ता तुम्ही श्वासात घेतला, तोच हा ऑक्सिजन.

अल्कोहोलचा रेणू सोन्यावर टेकतो. दोन हायड्रोजन सोडतो. ते ऑक्सिजनला मिळतात, पाणी होतं. उरतं बेंझाल्डिहाइड, कडू बदामाच्या वासाचं.

श्वास सोडा. घाई नाही.

याच कामाला पूर्वी सर्रास क्रोमियम घालत. विषारी, नारिंगी द्रव हिरवा होत जाई. जेवढं क्रोमियम घालावं, तेवढं शेवटी कचऱ्यात जाई. तेही क्षणभर पाहा. मग सोडून द्या.

चंबूकडे या. ढवळणं थांबवा. बाहेरून काचेला चुंबक लावा.

लगेच काही दिसत नाही. थांबा.

मग एका कडेनं द्रव उजळतो. चुंबकासमोर काळा डाग दाटत जातो. त्याचा काठ न्याहाळा: केसाळ, जरासा थरथरता. पलीकडची काच आता आरपार दिसते.

चुंबक तसाच धरून द्रव ओतून घ्या. गाळणकागद लागत नाही. कण धुवा, नवं अल्कोहोल घाला, चुंबक काढा. काळेपणा पुन्हा पसरतो.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता मनाशी विचारा: परत आलेले कण तेच आहेत का?

उत्तराची घाई करू नका. डाग पहिल्याइतकाच काळा दिसतो. पण सोन्याचे कण एकमेकांना चिकटून हळूहळू मोठे होतात, मंदावतात. थोडं सोनं द्रवात निसटतंही. डोळ्यांना ते कळत नाही.

म्हणून अभिक्रिया अर्ध्यावर असताना, द्रव गरम असतानाच, कण बाजूला काढतात. उरलेला द्रव तसाच तापत ठेवतात. तो पुढे बदलत राहिला, तर हे काम घडवणारं सोनं, म्हणजे उत्प्रेरक, द्रवात निसटलं आहे.

एवढं तपासल्याशिवाय कुठल्याही उत्प्रेरकाला ‘पुन्हा वापरता येतो’ असं म्हणू नका.