इंजिन दुरुस्त करावे की बदलावे?

गाडीचे इंजिन बसले की घरात पक्ष पडतात. एक म्हणतो, "काढून टाका ती गाडी, आता नवीनच घेऊ." दुसरा म्हणतो, "एवढी वर्षे चालली, थोडा खर्च केला तर अजून पाच वर्षे ओढेल." आणि कोणीतरी हळूच तिसरी वाट सुचवतो, "जेमतेम चालू करा आणि विकून टाका. घेणारा बघून घेईल." रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात हा विषय निघाला, तर दहा जणांकडून दहा आकडे ऐकायला मिळतात. हा प्रश्न पैशाचा आहे, हे आम्हीही मानतो. पण हिशेब मांडताना आपण त्यात कोणाकोणाला धरतो आणि कोणाला सोयीस्करपणे बाहेर ठेवतो, हे पैशाने ठरत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते.

त्याआधी एक साधी गोष्ट. "इंजिन गेले" या दोन शब्दांत चार-पाच निरनिराळे आजार असतात. पाण्याचा पंप बिघडतो किंवा कूलंट गळते, काटा वर चढतो, आणि चालवणारा म्हणतो, "घर आता जवळच आहे." तेवढ्या दोन किलोमीटरांत अॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट उडते, पाणी ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइलची पट्टी बाहेर काढली तर तिला दुधाळ फेस लागलेला दिसतो. गाडी वेळीच थांबवली असेल तर लेथवाल्याकडे हेड घासून घेऊन नव्या गॅस्केटवर भागते. पुढे रेटली असेल तर पिस्टन घासतात, बोअरवर ओरखडे पडतात आणि काम 'फुल इंजिन'पर्यंत जाते. ऑइल कमी पडून बेअरिंग गेले असेल तर खालून ठोकल्यासारखा आवाज येतो. तिथे क्रँकचा प्रश्न असतो. टायमिंग बेल्ट तुटला तर पुष्कळशा इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात. गाडी नुकतीच पळत होती, ऑइल-पाणी सगळे ठीक होते, तरीही.

आणि आपल्याकडचा खास आजार म्हणजे पुराचे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईभर गाड्या बुडाल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना चावी फिरवली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी ज्याने पुन्हा चालू करून पाहिली नाही आणि ढकलत कोरड्या जागी नेली, त्याचे इंजिन पुष्कळदा वाचते. एवढ्या-तेवढ्या अधीरतेची किंमत किती होते पाहा. वर नेहमीच्या विमा पॉलिसीत अशा नुकसानीची भरपाई बहुधा मिळत नाही, इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते. पावसाळ्याआधी पॉलिसीचा तो कागद एकदा वाचलेला बरा.

हे सगळे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे, की दुरुस्ती की बदल हा निर्णय आपण बहुतेक वेळा काय बिघडले ते कळण्याआधीच घेऊन मोकळे होतो. इंजिन उघडून मापे घ्यायला मजुरी पडते. "नुसते बघायचे एवढे पैसे?" असे म्हणून आपण ती टाळतो. मग बाहेरून कान लावून "फुल इंजिन काढावे लागेल" म्हणणारा मेकॅनिक आणि "किरकोळ काम आहे" म्हणणारा मेकॅनिक, दोघेही अंदाजच सांगत असतात, आणि आपल्याला हवा तो अंदाज आपण उचलतो. आमच्या मते या व्यवहारातला पहिला नैतिक भाग हाच आहे, की खरे काय ते कळण्यासाठी थोडी किंमत मोजण्याची तयारी असावी.

आता आकडे. समजा, चांगल्या स्थितीत असती तर गाडीचे दीड लाख आले असते आणि इंजिनाचे काम सत्तर हजारांचे निघाले. शेजारी म्हणतात, निम्म्याच्या आसपास खर्च म्हणजे गाडी सोडून द्या. हा नियम ऐकायला सोपा असला तरी त्यात तुलनाच चुकते. तुलना करायची ती दुसरी तितकीच भरवशाची गाडी दारात उभी करायला काय पडेल याच्याशी. दीड लाखात जी गाडी मिळेल तिचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो. आपल्या गाडीचे ब्रेक, गिअर, क्लच कसे आहेत हे आपण जाणतो. उलट, खाऱ्या हवेने जिच्या तळाचा पत्रा खाल्ला आहे, गिअरबॉक्सही कुरकुरतो आहे, अशा गाडीत नवे इंजिन बसवणे म्हणजे काय, हे जुन्या बुधल्यांचा दाखला ऐकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

"गेल्याच महिन्यात चार टायर घातले हो!" हे वाक्य अशा वेळी हमखास येते. टायरचे पैसे गेले. गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. त्या टायरांवर पुढे किती चालणार आहोत एवढेच हिशेबात धरावे. झालेला खर्च वाया जाऊ नये म्हणून त्यापेक्षा मोठा खर्च करणारी माणसे आपण गाडीबाबतच नव्हे, खटल्यांत आणि लग्नांतही पाहतो.

त्या गाडीवर कोणाचे काय अवलंबून आहे, हेही पाहायला हवे. एखाद्याचा टेम्पो पहाटे भाजी किंवा फुले घेऊन दादरला जातो. एखाद्या घरी आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे वडील आहेत. तिथे इंजिन पंधरा दिवस उघडे पडून राहणे हा खर्चाइतकाच मोठा प्रश्न असतो, आणि महागडा पण लवकर होणारा मार्ग शहाणपणाचा ठरू शकतो. दुसरीकडे, गाडी रविवारपुरती आणि लग्नकार्यापुरती बाहेर निघत असेल, तर दुरुस्ती की बदल या दोन्हींच्या अलीकडे एक प्रश्न आहे, गाडी हवीच आहे का? रिक्षाचे वर्षभराचे भाडे एकदा कागदावर मांडून पाहावे. 'आपली गाडी दोरीने बांधून नेताना सगळ्यांनी पाहिली' एवढ्याच लाजेपोटी पतपेढीतून कर्ज काढून नवी गाडी घेतली, तर ती लाज पाच-सात वर्षे हप्त्याने फेडावी लागते. आणि फेडते कोण? पुष्कळदा मुलांच्या फीसाठी बाजूला काढलेला पैसा.

जुन्या गाडीवर जीव असतो, हेही आम्ही हसण्यावारी नेत नाही. वडिलांनी घेतलेली, फादरांनी आशीर्वादित केलेली, नवरीला आणलेली गाडी. तिचे इंजिन बदलले तर ती तीच गाडी राहते का? ग्रीक लोकांनी थिसिअसच्या जहाजाबद्दल हाच वाद घातला होता. एकेक कुजलेली फळी बदलत गेल्यावर सगळेच लाकूड नवे झाले, मग ते जहाज तेच की दुसरे? आपल्या आरटीओला मात्र हे कोडे पडत नाही. आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. इंजिन बदलले तर रीतसर नोंद करून घ्यायची, गाडी तीच. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींनी किती इंजिने बदलली असतील! पेट्रोलवरून डिझेल, मग सीएनजी. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा लोकांनी पद्मिनीलाच निरोप दिला. जिव्हाळ्यासाठी खर्च करायला हरकत नाही. फक्त तो जिव्हाळ्याचा खर्च आहे हे घरात उघड म्हणावे, 'किफायत' म्हणून गळी उतरवू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले. त्यावरून दुरुस्ती नेहमीच चांगली असा अर्थ काही जण काढतात. आम्हाला तो पुरता पटत नाही. नवी गाडी बनवायला पोलाद, अॅल्युमिनियम, वीज लागते हे खरे, आणि थोडी चालणारी जुनी गाडी दुरुस्त करून ठेवणे म्हणून चांगलेच. पण पेट्रोल-डिझेलची गाडी आयुष्यभरात जे प्रदूषण करते, त्यातला मोठा वाटा तिने जाळलेल्या इंधनाचा असतो. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, ते उगीच नव्हे. निळा धूर सोडत, ऑइल पीत रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी 'टिकवली' म्हणणे हे तिच्यामागून स्कूटरवर मुलाला शाळेत नेणाऱ्या बाईच्या फुप्फुसांच्या खर्चाने काटकसर करणे आहे. दुरुस्ती करायची तर पुरती करावी.

जुने इंजिन भंगारबाजारातून आणून बसवणे हा स्वस्त मार्ग आहे, आणि अपघातात मोडलेल्या गाडीचे चांगले इंजिन पुन्हा कामी येणे यात गैर काही नाही. पण ते आले कोठून? कागद नाही, नंबर घासलेला आहे आणि भाव आश्चर्य वाटण्याइतका कमी आहे, तर कोणाच्या तरी दारातून गाडी नाहीशी झालेली असू शकते. "आम्हाला काय माहीत" हे उत्तर सातव्या आज्ञेपुढे टिकत नाही, कारण माहीत करून घेणे आपल्या हातात होते.

आता ती तिसरी वाट. जाड ऑइल घालायचे म्हणजे ठोक्याचा आवाज दबतो आणि धूर कमी दिसतो. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी चालू करून गरम ठेवायची. असे चार दिवस निभावले की व्यवहार झाला. प्रामाणिक म्हणवणाऱ्या घरांतही हे चालते आणि त्याला चलाखी म्हणतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिका'मध्ये खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे. त्यात गाडी नाही, घोडा आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, पडके घर भक्कम म्हणून विकणे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा जिवाला धोका असेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. दोष उघड दिसणारा असेल, जसा एकडोळ्या घोडा, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर तोंडाने सांगायची सक्ती नाही. इंजिन हे बॉनेटखाली, पोलादाच्या आत असते. त्याच्याइतका लपलेला दोष दुसरा कोणता? पत्र्यावरचा पोचा गिऱ्हाईक बघेल. वाकलेले हेड त्याला दिसणार नाही. तो कळेल घाटात, मुलेबाळे गाडीत असताना.

यावर ठरलेले उत्तर असे, की "आम्ही व्यापाऱ्याला देतो, त्याला सगळे समजते, तो किंमत पाडूनच घेतो." व्यापाऱ्यापुरते यात तथ्य आहे. पण गाडी व्यापाऱ्याकडे राहत नाही. ती शेवटी जाते भाड्याने गाडी चालवून पोट भरू पाहणाऱ्या एखाद्या तरुणाकडे किंवा पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या कुटुंबाकडे. व्यापारी त्यांना सांगेलच याची खात्री आपण देऊ शकत नाही. आपल्याला एवढे करता येते, की गाडी केव्हा गरम झाली, कोणते काम केले, कोणते केले नाही, हे मेकॅनिकच्या बिलासह एका कागदावर लिहून, सही करून, आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर द्यावे, त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि वर आपला फोन नंबर लिहावा. नवा मालक कधी फोन करून विचारील, "साहेब, हेडचे काम केव्हा केले होते?" तेव्हा त्याला तारीख सांगता येईल.