विकलेल्या गाडीचा घसारा

आम्हा कॉमर्सवाल्यांना घसारा आईच्या दुधाबरोबर नसला, तरी कॉलेजच्या अकौंटन्सीबरोबर पाजलेला असतो. वस्तू घेतली की त्या क्षणापासून ती झिजू लागते आणि दर ३१ मार्चला तिची किंमत थोडी खाली आणायची. टेबल असो, पंखा असो, कॉम्प्युटर असो, या नियमातून कोणी सुटत नाही. मॅनेजर तेवढे सुटतात, कारण त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात नसते.

पण विकल्यानंतर किंमत चढत गेली अशी एक वस्तू मला ठाऊक आहे. आमच्या मामांची गाडी.

मामा १९६९ साली इंजिनियर म्हणून डेट्रॉइटला गेले. १९७० साली त्यांनी सेकंडहँड पाँटिअ‍ॅक जीटीओ घेतली, १९६६ चे मॉडेल, आणि १९७४ साली विकली. गाडी चार वर्षे चालली. तिच्या आठवणी पन्नास वर्षे झाली, अजून चालूच आहेत आणि त्यांना पेट्रोलही लागत नाही.

या जातीच्या गाड्यांना तिकडे मसल कार म्हणतात. मधल्या आकाराच्या गाडीत थोरल्या गाडीचे इंजिन बसवायचे, की झाली मसल कार. आपल्याकडे थोरल्याचा शर्ट धाकट्याला घालतात, तिकडे थोरल्याचे काळीजच धाकट्याला घातले, एवढाच फरक. जीटीओ आली १९६४ सालात. जनरल मोटर्सचा नियम असा, की मधल्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिअ‍ॅकच्या जॉन डीलोरियन आणि मंडळींनी बेधडक ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटरचे इंजिन घातले आणि वर सांगितले, "छे, ही नवी गाडी कुठे? टेम्पेस्टवर मिळणारा हा एक ऑप्शन आहे." नियम न मोडता त्याच्या बाजूने निघून जाण्याची ही कला पाहून माझ्यातल्या बँकवाल्याने मनोमन हात जोडले. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या.

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर रात्री ही पोरे लाल दिव्याशी शेजारी शेजारी उभी राहायची. नजरानजर व्हायची. हिरवा दिवा लागला की पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यत! रीतसर शर्यतीसाठी वेगळी धावपट्टी असायची, पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची. ते अंतर मामांनी किती सेकंदांत कापले? माझ्या लहानपणी पंधरा सेकंदांत. मी बँकेत लागलो तेव्हा ते चौदावर आले होते. गेल्या दिवाळीत तेरा झाले. याच वेगाने नव्वदीपर्यंत मामा सुटायच्या आधीच पोहोचलेले असतील.

आता तुम्ही म्हणाल, मामा थापा मारतात. मला तसे वाटत नाही. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या अश्वशक्ती 'ग्रॉस' सांगत. इंजिन स्टँडवर ठेवायचे, पंखा, सायलेन्सर वगैरे ओझे काढून टाकायचे आणि मग मोजायचे. १९७२ पासून सगळे जोडून 'नेट' आकडा देऊ लागले आणि त्याच इंजिनांचे आकडे धाडकन खाली आले. पगारदार माणसाला हे समजावून सांगायला नको. आठवणसुद्धा ग्रॉसमध्येच येते. विम्याचा हप्ता, थंडीत सुरू न होणारी गाडी, पोलिसांची चिठ्ठी, यांतले काही तिच्यातून वजा झालेले नसते.

वजाबाकीचे खाते मामींकडे आहे.

"बर्फात ढकलायची कोणी, ते विचार की," त्या आतून म्हणतात. आणि एकदा, अगदी हळू आवाजात, म्हणाल्या, "सातवा महिना होता मला. रात्रीचा दीड वाजला तरी पत्ता नाही. खिडकीशी उभी होते. ह्यांची वाट बघत नव्हते रे, पोलिसाची बघत होते."

त्या रात्री मामा शर्यत जिंकले होते.

द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक नावेला एक जमा असतेच. मामांच्या तेरा सेकंदांची दुसरी नोंद मामींच्या दीड वाजताच्या खिडकीत आहे. मग ती आठवण नुसती गोड म्हणून सांगण्याचा माणसाला हक्क आहे का?

पुढे ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले, घरात पाळणा हलू लागला होता आणि मामांनी गाडी विकली. मामांच्या पंचाहत्तरीला त्याच पाळण्यातला मुलगा म्हणाला, "बाबा, तीच गाडी घेऊन देतो. तोच रंग, मॅचिंग नंबर्स." इंजिनावरचे आणि चासीवरचे क्रमांक मूळचेच असले, की तिकडे भाव चढतो. मामा म्हणाले, "गाडीचे जुळतील रे. माझे कुठे जुळतात? दोन्ही गुडघे बदललेत, डोळ्यांत भिंगं बसवलीत, दात तर सगळेच बाहेरचे!"

स्टीव्ह मॅक्वीनला हे जमले नाही. १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात त्याने हिरवी मस्टँग पळवली. ती फिरत फिरत १९७४ साली एका कुटुंबाने सुमारे सहा हजार डॉलर्सना घेतली आणि घरातली बाई ती रोज शाळेत नोकरीला नेऊ लागली. १९७७ साली मॅक्वीनने पत्र लिहून गाडी मागितली. त्यांनी दिली नाही. १९८० साली तो गेला. २०२० साली ती लिलावात कमिशन धरून ३७ लाख ४० हजार डॉलर्सना गेली. गंमत अशी, की कागदोपत्री ती मॅक्वीनची कधीच नव्हती. तरी त्याला ती 'आपली' वाटली. आणि ज्यांची होती, त्यांनाही ती तितकीच आपली वाटली, कारण त्यांनी ती वापरून झिजवली होती.

मला वाटते, वस्तू आपली होते ती जपून नव्हे, खर्चून. विकली तरी खर्चलेले कोणी परत मागत नाही. फक्त त्या खर्चात दुसऱ्याचे किती गेले, तेही लिहून ठेवावे.

बँकेत नवराबायकोचे खाते बहुधा 'आयदर ऑर सर्व्हायवर' असते. दोघांपैकी कोणीही एकाच्या सहीने पैसे काढावे, आणि एक गेला की सगळे दुसऱ्याचे. आठवणींचे खातेही शेवटी तसेच होते. पण जोवर दोघे आहेत, तोवर तरी ते दोघांच्या सह्यांनी चालवावे. मामांनी तेरा सेकंद काढले, की मामींनी दीडचा आकडा सांगावा. हिशेब जुळतो. आणि मामा जरा वेळ गप्प बसतात, हा वरचा व्याजाचा भाग.